रिप्लेत दांडा हलत नाही

पाहुणे फलटणला पोचले असतील नसतील, तोवर आकारामअण्णांनी निम्म्या तासगावाला फोन करून सांगितलं होतं, की पोरीचं जमलंच म्हणून समजा. बेदाण्याचा सौदा असो नाहीतर सोयरीक, मालात खोट दिसली नाही की अण्णा हो म्हणून मोकळे होतात. आणि जिचं जमलं होतं ती संयोगिता गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होती. वाळत घातलेल्या कुरडयांत तिचा पाय दोनदा पडता पडता राहिला. आईनं खालून हाक मारली, ती तिला ऐकूही गेली नाही.

तिला नाही म्हणायचं होतं आणि कारण सांगता येत नव्हतं. म्हणजे कारण होतं, पण ते सांगितलं तर लोक हसतील असं होतं.

संयोगिताचं काम काय ते आधी सांगायला हवं, कारण तिच्या सख्ख्या मावशीलाही ते अजून कळलेलं नाही. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सिम्युलेटर असतो, त्यात बसवायची विमानं ती तयार करते. सांगलीत इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी करून झाली, आणि मग घरी येऊन मागच्या खोलीत तिनं एकटीनं दोन सीटचं एक शिकाऊ विमान बनवलं. ते आता कुठल्या कुठल्या देशांतले लोक विकत घेतात, आणि घेतलं की तक्रारी करतात. सगळ्यात जास्त तक्रार रिप्लेची. उड्डाण झाल्यावर तेच पुन्हा बघता येतं, तो रिप्ले. पण सिम्युलेटर लक्षात काय ठेवतो, तर विमान कुठं होतं, किती उंच होतं, किती कललं होतं. आतले काटे, बटणं, पायलटच्या हातातला दांडा, हे सगळं संयोगितानं स्वतः लिहिलेलं, त्याची सिम्युलेटरला गंधवार्ताही नसते. म्हणून रिप्लेत विमान बाहेरून झोकात वळतं आणि आत दांडा आपला ढिम्म उभा. 'यात असं होतंच, माझा इलाज नाही,' असं उत्तर ती वर्षभर सगळ्यांना पाठवत आली होती. त्यात तिला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

तर सकाळी जयराज आला. बरोबर त्याचे वडील भाऊसो, आई आणि एक मामा. मामा असले की बोलायचं काम तेच करतात. जयराज फ्लाइंग स्कूलमध्ये शिकत होता, लायसन्ससाठी लागणारे उड्डाणाचे निम्मे तास झालेले. "आमची पोरगी बी इमानंच करती," असं अण्णांनी सांगितलं आणि बेदाणे पेरलेला शिरा खाता खाता पाहुण्यांचं मत तिथंच पक्कं झालं. मग मामा म्हणाले, पोरापोरीला जरा बोलू द्या. दोघांना मागच्या खोलीत पाठवण्यात आलं, दार रिवाजाप्रमाणे अर्धं उघडं ठेवून.

बोलण्यापेक्षा उडवणं सोपं, म्हणून तिनं सिम्युलेटर लावला. तिच्याकडे दोन जॉयस्टिक होत्या. नवी त्याच्यापुढं ठेवली, आणि चाचणीसाठीची जुनी तिच्या बाजूला जोडलेली होतीच. जयराज स्क्रीनजवळ वाकला.

"उंचीच्या काट्यावरच्या काचेला चरा आहे. मुद्दाम काढलाय?"

मुद्दामच काढला होता. वापरातल्या विमानात असतो तसा, नखाएवढा. पैसे मोजून विमान घेणाऱ्यांपैकी एकाच्याही तो नजरेत आला नव्हता. तिला हा मुलगा तिथंच आवडला. उगीच आडपडदा कशाला ठेवायचा, चांगलाच आवडला.

कराडच्या धावपट्टीवरून उड्डाण केलं, कृष्णेवरून एक फेरी मारली, तोवर दोघं हसत होते. उतरताना मात्र गडबड झाली. बाजूचा वारा तिनंच लावून ठेवलेला. जयराजला सवय खऱ्या विमानाची, तिथं वेग कमी झालेला अंगाला कळतो, इथं खुर्ची काय सांगणार? विमान एका बाजूला सरकायला लागलं. त्याच्या कपाळावर घाम आला.

"घ्या, तुम्ही घ्या," तो हळूच म्हणाला आणि त्यानं हात सोडला.

तिनं जुनी जॉयस्टिक धरली. नाक वाऱ्याकडं ठेवलं, शेवटी सरळ केलं आणि चाकं अलगद टेकवली. इतकं सुरेख लँडिंग तिला एरवीही रोज जमत नाही. तो सुस्कारा सोडून म्हणाला, "अब्रू राखलीत." तीही हसली. इथवर सगळं गोडच होतं.

तेवढ्यात मंडळी आत आली. "काय खेळ चाललाय?" मामांनी विचारलं आणि संयोगितालाच हौस, तिनं रिप्ले लावला. आपलं विमान पाहुण्यांना दाखवावं एवढाच तिचा विचार होता. विमान डोंगराच्या अंगानं आलं, वाऱ्यात जरा तिरपं होऊन सरळ झालं आणि टेकलं.

"वा रं पठ्ठ्या," मामा म्हणाले. "जयराज, तू उतरवलंस व्हय?"

संयोगिताच्या जिभेवर उत्तर आलं होतं. पण ते तिनं द्यायचं नव्हतं. ती जयराजकडं बघत राहिली. त्यानं शर्टची कॉलर नीट केली.

"वारा आडवा होता. त्यामुळं जरा अवघड गेलं."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. भाऊसोंनी लेकाच्या पाठीवर थाप मारली. अण्णा म्हणाले, "शिकलेला हात हाय, दिसतंय की." मामांना आतलं बघायचं होतं, म्हणून तिनं आतून दाखवलं. काटे गप्प, दांडा गप्प.

"ह्यो दांडा का हालंना?"

"रिप्लेत हलत नाही," ती म्हणाली. "हाताचं काम त्यात नोंदलं जात नाही."

"असू दे. पायलट हितं समूर बसलाय की," मामा म्हणाले आणि सगळे हसले. जयराजही हसला. जाताना फाटकापाशी तो तिला म्हणाला, "फोन करतो." त्याच्या चेहऱ्यावर ओशाळेपणाचा मागमूस नव्हता, आणि गच्चीवर तिला सगळ्यात जास्त तेच खुपत होतं. तो काही लपवतोय असंही नव्हतं. बहुतेक त्याच्या मनातून ते पुसूनच गेलं होतं.

इतकं का मनाला लावून घ्यायचं, असं तिनं स्वतःला विचारून बघितलं. मुलगा चांगला आहे. वडीलधाऱ्यांसमोर माणूस गांगरतो. एक लँडिंग, तेही कॉम्प्युटरवरचं. पण पुढचं वाक्य तिला आपोआप सुचत होतं. उद्या त्याच्या घरी ती काहीही करील, आणि ते कुणी केलं असं विचारलं तर तो वाऱ्याबद्दल बोलेल. ती तडक खाली उतरली.

"अण्णा, मला हे स्थळ न्हाई करायचं."

अण्णांच्या हातातला फोन हातातच राहिला. "का? काय खोट हाय त्याच्यात?"

तिनं सांगितलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग त्यांचा पारा चढला.

"एवढ्यासाठी? आगं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. इमान कसं गुमान उतरलं. तू उतरवलंस ह्याला पुरावा काय?"

पुरावा नव्हताच.  ती म्हणाली, "चला. तुमी उडवा."

अण्णांनी ट्रॅक्टर चालवलाय, जीप चालवलीय, त्यामुळं ते मोठ्या आत्मविश्वासानं खुर्चीत बसले. तिनं विमान धावपट्टीसमोर हवेतच आणून त्यांच्या हवाली केलं. अण्णांनी जॉयस्टिक गिअर टाकावा तशी ओढली. विमान वर बघायला लागलं, मग खाली, मग थेट कुणाच्या तरी उसाकडं निघालं. "धर, धर, आगं धर की," अण्णा ओरडले. तिनं जुनी जॉयस्टिक धरून विमान सावरलं, वळवून आणलं आणि उतरवलं.

मग तिनं रिप्ले लावला, शेवटचा तेवढाच तुकडा. विमान डौलात आलं आणि टेकलं. आतून दाखवलं. दांडा सरळ उभा.

अण्णा बघत असतानाच आई हात पुसत दारात आली. "आगं बाई, तुमी चालवलं व्हय?" तिच्या आवाजात खरंखुरं कौतुक होतं. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, तिच्याकडून असलं कौतुक अण्णांच्या वाट्याला फारसं येत नाही.

"हां, म्हंजे..." अण्णांनी मान हलवायला घेतली होती. छातीही जरा पुढं आली होती. मग त्यांची नजर लेकीकडं गेली नाही, स्वतःच्या हातांकडं गेली. त्यांनी हात मांडीवर ठेवले. कान लाल झाले.

"न्हाई," ते म्हणाले. "मी घालवलंच हुतं उसात. पोरीनं उतरवलं."

आई "बरं" म्हणून निघून गेली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. अण्णा मात्र खुर्चीतून लवकर उठले नाहीत. "लय सोपं असतं गं गप बसणं," ते म्हणाले. "मी बी बसलोच असतो."

"पन बसला न्हाई."

अण्णांनी फलटणला फोन लावला, स्पीकरवर. भाऊसोंनी आधी लग्नाच्या तारखेचं काढलं. अण्णांनी त्यांना थांबवलं.

"पावनं, एक सांगायचं हाय. सकाळचं इमान जयराजनं न्हाई उतरवलं. आमच्या पोरीनं उतरवलं."

 भाऊसो मनापासून हसले. "आवं पावनं, एका घरात कुणी उतरवलं ह्यानं काय हुतंय? उतरल्याशी कारण. थांबा, जयराज हितंच हाय, त्यालाच इचारा."

जयराज फोनवर आला.  आता तो नाकबूल झाला तर बरं, असं संयोगिताला वाटून गेलं. मग सगळं सोपं झालं असतं.

"हो, त्यांनीच उतरवलं," जयराज सहज म्हणाला. "मला जमत नव्हतं. मीच म्हणालो घ्या. छान उतरवलं त्यांनी."

किती साधं होतं ते वाक्य. सकाळी मामांनी विचारलं तेव्हा त्यानं हेच म्हटलं असतं, तर तिनं मागचा पुढचा विचार न करता होकार दिला असता. आनंदानं दिला असता. आत्ताही तो खोटं बोलत नव्हता, मनही वाईट नव्हतं त्याचं. तिला एकदम रडू यायला लागलं आणि रडू येतंय म्हणून स्वतःचाच रागही आला.

अण्णांनी फोनवर तळहात दाबून धरला. त्यांचा चेहरा उजळला होता. "बघ, कबूल केलं की गं त्यानं. मग काय सांगू?"

तिनं ओढणीनं डोळे पुसले.

"तुमाला आईनं इचारलं, आन् तुमी खोडून सांगितलं," ती म्हणाली. "त्याला मामांनी इचारलं तवा त्यो गप बसला. आता पकडल्यावर बोलला. न्हाई म्हणून सांगा, अण्णा. मला लय आवडला हुता त्यो, पन न्हाई म्हणून सांगा."