पडलेल्या झाडाची राखण

वादळ एका दुपारी आलं आणि आमच्या घरासमोरच्या बागेचं पार वाटोळं करून गेलं. कुंपण झोपलं, झोपाळे वाकले आणि सगळ्यांत मोठं झाड नेमकं पायवाटेवर आडवं झालं. एका बाजूला हौद, दुसऱ्या बाजूला काटेरी झुडपं आणि मध्ये हा ओंडका. धडधाकट माणूस टांग टाकून पलीकडे जाईल, पण माझ्या सासूबाई कुठून जाणार?

त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं आणि त्या काठी टेकत चालायच्याही, कारण पायवाटेच्या टोकाला एक बाक होता आणि बाकावर 'पलीकडची' असायची. पलीकडची म्हणजे बागेपलीकडच्या गल्लीतली त्यांची मैत्रीण. ती आता लेकीकडे कायमची राहायला निघाली होती, विमानानं जावं लागतं इतक्या लांब. त्याआधी दोघींना बाकावर बसून पोटभर बोलायचं होतं. सासूबाईंचं मागणं एवढंच होतं.

कोपऱ्यावरचा सुतार दुसऱ्याच दिवशी दारात आला. "वाटेपुरता तुकडा कापून काढतो. पैसे नकोत, लाकूड तेवढं मला द्या."

"हात लावायचा नाही," आमचे हे म्हणाले.

हे विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून कशाचं तरी अध्यक्षपद शोधतच होते. वादळानं ते घरपोच आणून दिलं. उद्यान पुनरुज्जीवन समिती स्थापन झाली आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं मांडलं जाऊ लागलं.

"अहो, वाट मोकळी झाली तर आई जातील तरी," मी म्हटलं.

"आणि लोकांना दाखवू काय? नुकसान दिसल्याशिवाय कुणाचा हात खिशात जात नाही. झाड हेच आपलं भांडवल आहे."

मग बागेच्या दोन्ही दारांना कुलपं लागली आणि राखणदार बसला. बाग शाबूत होती तेव्हा तिला कुणी राखणदार दिला नव्हता. पडझडीला मिळाला. जमलेल्या देणगीतून पहिला खर्च झाला तो त्याच्या पगाराचा.

दुसरा खर्च फोटोचा. दवाखान्यातून चाकांची खुर्ची मागून आणली, सासूबाईंना तीत बसवलं, काठी लपवली आणि खुर्ची ओंडक्यासमोर नेली.

"आई, जरा उदास बघ."

"मी उदासच आहे."

"तशी नाही गं. फोटोत दिसेल अशी."

'आजींना त्यांची बाग परत द्या' असं लिहिलेले फलक गल्लोगल्ली लागले. फोटो खरंच छान आला होता, आणि लोकही वाईट नसतात. शाळेतल्या मुलांनी खाऊचे पैसे दिले, न्हाव्यानं एका दिवसाची कमाई दिली. यांची छाती फुगली. मग यांनी फर्मान काढलं की आईनं रस्त्यावर चालायचं नाही. "लोक देणग्या देतायत आणि आजी टुणटुण फिरताना दिसल्या तर? मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

म्हणून ज्या बाईला चालता यावं यासाठी सगळं गाव पैसे देत होतं, ती बाई स्वयंपाकघर ते गच्ची अशा फेऱ्या मारू लागली. माझं डोकं फिरलं. मी सरळ गाडी बोलावली आणि मोठ्या रस्त्यानं वळसा घालून त्यांना पलीकडचीच्या घरी नेलं.

तिथे पलीकडचीची सून चहा घेऊन समोर बसली. मी शेजारी बसले. दोघी मैत्रिणी "बरं आहे ना?" "बरं आहे" एवढं बोलल्या आणि कपाकडे बघत राहिल्या. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या गप्पांचा कायमचा विषय म्हणजे मी आणि ती सून. आमच्यासमोर बिचाऱ्या काय बोलणार?

पैसे येत गेले तशी बाग सजत गेली. नवं कुंपण आलं, रंगीत दिवे आले, कमान आली. पायवाटेला फरशी बसली, ओंडक्याच्या अलीकडे आणि पलीकडे. मी रोज विचारायचे, "वाट कधी मोकळी करणार?" हे रोज म्हणायचे, "विषय समितीपुढे आहे."

मग फरशी देणारा व्यापारी, म्हणजे सगळ्यांत मोठा देणगीदार, बाग बघायला आला आणि ओंडक्यापुढे हात जोडून उभा राहिला. "फलकावरचं झाड हेच ना? हे हलवू नका. ही आपली ओळख आहे." समितीनं ठराव केला. ओंडक्याला चकचकीत रोगण लागलं, बाजूनं पितळी कठडा बसला.

त्या संध्याकाळी सासूबाई जेवल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं, आणि यांचा रागही आला. "उद्या रात्री तिचं विमान आहे," त्या म्हणाल्या. उद्याच बागेचं उद्घाटन होतं. मग त्यांनी मला जवळ बोलावून एक काम सांगितलं. इतक्या वर्षांत त्यांचं कुठलंच काम मी इतक्या आनंदानं केलं नव्हतं.

उद्घाटनाला दोन्ही दारं उघडली. ओंडक्यापुढे फीत बांधली होती. अलीकडे मांडव, माईक आणि चाकांच्या खुर्चीत सासूबाई. पलीकडे, रिकाम्या बाजूला, सुनेचा हात धरून पलीकडची उभी होती. यांनी आईच्या हातात कात्री दिली.

सासूबाई खुर्चीतून उठल्या. मागच्या रांगांत कुजबुज झाली.

"कात्री नको," त्या माईकवर म्हणाल्या. "करवत आणा."

हे हसले. आई गंमत करते आहे असं त्यांनी लोकांना सांगितलंही. पण मागच्या रांगेत सुतार पिशवी घेऊन बसला होता, कारण सकाळीच मी त्याच्याकडे जाऊन आले होते. टाळ्या कुणी सुरू केल्या ते मी सांगणार नाही, पण माझे तळहात अजून दुखतायत. एवढ्या लोकांसमोर समिती फलकावरच्या आजींना नाही कसं म्हणणार? फरशीवाल्यांचं भाषण सुरू झालं ते संपेपर्यंत कठडा निघाला होता आणि वाटेपुरता तुकडा बाजूला झाला होता.

सासूबाई त्या फटीतून आपल्या पायांनी पलीकडे गेल्या. दोघी बाकावर बसल्या आणि जे सुरू झाल्या ते अंधार पडेपर्यंत. मी आणि ती सून मुद्दाम लांब उभ्या राहिलो. म्हणू देत काय म्हणायचं ते. मध्येच पलीकडचीनं पदरानं डोळे पुसले.

घरी आल्यावर यांनी समितीची कागदपत्रं जेवणाच्या टेबलावरून उचलली. मग म्हणाले, "आई, मला एकदा तरी सांगायचंस."

सासूबाई काठी कोपऱ्यात उभी करत होत्या.

"रोज सांगत होते रे," त्या म्हणाल्या. "तू माझा फोटो बघत होतास."