अर्धी उडवी

चिपळूणच्या हलवायाला दूध घालून गुणवंती एस्टीतून उतरली, तेव्हा चढणीवरूनच तिला धूर दिसला. भाजावळीचे दिवस होते. भाताच्या रोपासाठी वाफ्यात पालापाचोळा आणि शेण जाळायचं म्हटलं की धूर निघणारच. पण भाजावळ करायची ती सकाळी, वारा निजलेला असताना. आता तर ऊन कलायला लागलं होतं.

धूर तिच्याच वाफ्यातून येत होता. वाफ्याला लागून गोठा आणि गवताची उडवी. वरच्या कातळमाळावर, सड्यावर, कापून, डोक्यावरून वाहून रचलेला पावसापर्यंतचा चारा.

तिच्या चारही गायी गावठी, दूध बेताचं. डेअरीच्या भावात त्या पोसल्याच नसत्या. हलवाई चढा भाव द्यायचा, कारण त्या निव्वळ गवतावरच्या. "दुधाला पेंडीचा वास आला की त्या दिवसापासून बंद," असं त्यानं आधीच बजावलं होतं. आणि पेंड विकत घ्यायची, तर हातात उरणार काय, कपाळ! संपात गिरणी गेल्यापासून नवरा, शिवा, घरीच होता. चूल पेटायची ती या दुधावर.

किटली बांधावर टाकून ती धावत सुटली.

शिवा वाफ्यात काठी घेऊन उभा. चेहरा पांढराफटक.

"अवो, आग कुठच्या अंगानं लावलाव?"

"समुद्राच्या अंगानं. तवा वारा नव्हता गो!"

दुपारनंतर वारा समुद्राकडूनच सुटतो; आग त्याच्या पलीकडच्या अंगानं लावायची, म्हणजे ती वाऱ्याविरुद्ध हळूहळू रांगत येते. हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण जन्मभर गिरणीच्या साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला वाऱ्याचं भान कुठलं? बायकोचं काम हलकं करायला गेला होता बिचारा.

बघता बघता उडवीनं एका बाजूनं पेट घेतला. गुणवंतीनं गोठ्यात शिरून दावी सोडली, गायींना बाहेर हाकललं. वळून बघते, तर शिवा उडवीवर! न पेटलेल्या बाजूच्या पेंढ्या उपसून खाली फेकत होता.

"उतरा! मरूंदे ता गवत, उतरा!"

तो ऐकेना. तीही खाली पडलेल्या पेंढ्या लांब ओढत राहिली. शेजारी ओले डहाळे घेऊन धावले, तेव्हा कुठे आग आटोक्यात आली.

उडवी अर्धी उरली. शिवाचे हात कोपरापर्यंत भाजले होते.

"पेंड आणूया काय म्हयनाभर?" त्यानं विचारलं.

"हलवाय गेला तर चारी गायी कशाला ठेवायच्या? ह्या गवतावर दोनच जगतील. दोन बाजारात."

"कुठच्या दोन?"

ती उरलेल्या पेंढ्या रचायला वळली. सांजेला गायी आपसूक गोठ्यात परतल्या. नेहमीसारखा गवताचा भारा घेऊन ती गेली, तशा चारही माना एकदम तिच्याकडे वळल्या. रोज आधी जी पुढे येई, तिची मान खाजवायची आणि मग चारा टाकायचा. आज कुणाला हात लावायचाच तिला धीर होईना. भारा छातीशी घट्ट धरून ती दारातच उभी राहिली.