कॉस्मेच्या गावातली विहीर

कॉस्मे कोकण रेल्वेत इंजीन चालवायचा. निवृत्त झाला आणि दोन खोल्यांमधली भिंत पाडून त्यानं घरातच रेल्वेचा छोटा देखावा मांडायला घेतला. लाकडी फळ्यांवर प्लास्टरचे डोंगर उठले, बोगदे झाले, सावंतवाडीचं स्टेशन झालं, शेवटी आपला गावही झाला. इंजीन त्यानं स्वतः पितळेचं घडवलं होतं. उचलायला दोन हात लागत.

रविवारी चर्चमधली मिसा आटोपून माणसं बघायला आली. शेजारचा लवू काजूच्या बागेतून तसाच आला, कमरेच्या आकडीत कोयती. दोघांच्या कुंपणावरच्या सामाईक विहिरीवरून त्यांच्यात वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. देखाव्यात कॉस्मेनं मुद्दाम ती विहीर आपल्या गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या, आत बसवली होती. लवू कधीतरी बघेल आणि जळेल, एवढंच त्याच्या मनात होतं.

लवूनं बघितलं आणि विहिरीवर बोट ठेवलं.

"बाव दोघांची आसा. माझो वाटो खंय गेलो?"

"माझ्या घरात माझो गाव. माका व्हयो तसो करीन."

लवूनं विहीर उपटली, जमिनीवर टाकली आणि टाचेखाली तिचा भुगा केला. कॉस्मेचं डोकं फिरलं. रुळावरचं इंजीन उचलून त्यानं लवूच्या कानशिलात हाणलं. कान फाटून लोंबला. लवू धडपडत उठला तो कोयती उपसूनच. पहिला घाव बोगद्यात रुतला. दुसरा चुकवायला कॉस्मेनं रुळावर हात टेकला आणि त्याची दोन बोटं तिथंच राहिली. बघायला आलेली माणसं दारातून एकमेकांना तुडवत पळाली.

कॉस्मेच्या बायकोनं, फेलिसिदादनं, मुसळ आणून लवूच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचं बाहेर अंगणापर्यंत ऐकू आलं. कोयती पडली, लवूही पडला. कॉस्मेनं उरलेल्या बोटांनी इंजीन पुन्हा त्याच्या डोक्यावर उचललं.

"हात खाली घे!" ती मध्ये आली. "तेका मारूचो तर आधी माका मार."

इंजीन त्याच्या हातातून गळालं.

गावात त्या वेळी गाडी एकच, रोनीचा मासळीचा टेंपो. दोघांनाही त्यातच घातलं. मागे बर्फाच्या पाण्यात रक्त मिसळत होतं आणि तरी हे दोघे एकमेकांना लाथा घालत होते. "मेल्यांनो, गप ऱ्हवा, नायतर दोघांकय खाडयेत ढकलतंय!" रोनी ओरडला.

लवूचा कान कायमचा बहिरा झाला. दोघांवरही केस झाली.

कॉस्मे दवाखान्यातून परतला तेव्हा अंगणात फेलिसिदाद फळ्या जाळत होती. डोंगर, पूल, स्टेशन, सगळं. तो शिव्या देत धावला आणि त्यानं तिचे केस धरले. तिनं वळून त्याच्या थोबाडीत अशी ठेवून दिली, की तो पायरीवरच बसला.

"लवू मरलो असतो, कॉस्मे," ती म्हणाली, "आणि तू हसलो असतस."

ते खरं होतं. इंजीन उचलताना तो हसत होता, हे त्याला आत्ता आठवलं, आणि पट्टी बांधलेला हात छातीशी धरून त्यानं दुसऱ्या हातानं उरलेली फळी आगीत टाकली.