वटपौर्णिमेचा ऑपेरा

अमेरिकेतल्या नेपरव्हिलमध्ये वड नाही. म्हणून शरयूताई दर ज्येष्ठात दिवाणखान्यातल्या कुंडीतल्या फायकसलाच वड मानायच्या. नर्सरीतल्या माणसाने हे झाड त्याच कुळातलं आहे असं सांगितलं होतं, आणि बाकीचं देव समजून घेतो अशी त्यांची खात्री होती. १९८६च्या त्या शनिवारीही त्यांनी सोफा बाजूला ओढला, कुंडीभोवती सूत गुंडाळलं, मेक्सिकन आंब्याचा नैवेद्य दाखवला आणि हाच नवरा जन्मोजन्मी मिळो म्हणून हात जोडले. तेवढ्यात त्यांची लेक नीला सीरिअलचा बाऊल घेऊन जिना उतरत आली.

“आई, आज संध्याकाळी तू येतेयस ना? बाबा मरतात ना, तो बेस्ट पार्ट आहे!”

शरयूताईंचे हात जोडलेलेच राहिले. “कोण मरतं?”

“बाबा. स्टेजवर. तलवारीने.” नीलाचा चमचा हवेतच थांबला. “ओह नो. त्यांनी तुला सांगितलं नाही?”

प्रल्हादरावांनी सांगितलं होतं, पण सोयीपुरतं. शिकागोला जाणाऱ्या ट्रेनमध्ये ते एकदा खिडकीशी बसून एक नाट्यपद गुणगुणत होते. समोर बसलेला व्हीतो नावाचा फरशीवाला ते ऐकून उडालाच. हा आवाज इंजिनिअरिंगमध्ये सडतोय म्हणाला, आणि त्यांना थेट आपल्या चर्चच्या हॉलमध्ये घेऊन गेला. तिथली इटालियन मंडळी हौसेने ऑपेरा करायची. दोन वर्षं प्रल्हादराव मागच्या रांगेत भाला धरून कोरसमध्ये गायले. यंदा पहिल्यांदा खरी भूमिका मिळाली होती. “म्हातारा सरदार आहे गं. थोडं गातो, मग विश्रांती,” एवढंच ते घरी बोलले होते.

“अहो, विश्रांती म्हणाला होतात ना?”

“विश्रांतीच की ती,” प्रल्हादराव पेपरामागून म्हणाले. “जरा लांबची.”

“आजच्या दिवशी? मी पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेता तुमचं आयुष्य मागतेय, आणि तुम्ही संध्याकाळी तिकीट लावून मरणार?”

शरयूताईंचा आवाज एवढ्यानेही चढला नव्हता. त्यांचा आवाज कधी चढतच नसे. देवळात शेजारणीला कान पुढे करून ऐकावं लागायचं. पण प्रल्हादरावांनी पेपर खाली ठेवला. उठून फोनचा रिसीव्हर उचलला.

“तू नको म्हणत असशील तर व्हीतोला सांगतो, घसा बसलाय. खरंच. तुझ्या व्रतापुढे ऑपेरा मोठा नाही.”

ते मनापासून बोलत होते, आणि नेमकं तेच शरयूताईंना सोसवेना. आपल्या सकाळच्या जपात व्यत्यय नको म्हणून हा माणूस वर्षभर गॅरेजमध्ये, गाडीच्या काचा वर करून सराव करत होता. या देशात त्याने घर केलं, मुलीला वाढवलं, सगळं दुसऱ्यांसाठी. स्वतःसाठी म्हणून एवढं एकच मागितलं होतं. आज नाही गेला तर पुन्हा भालाच धरणार.

“ठेवा तो फोन,” त्या म्हणाल्या. “नसतं आजारपण ओढवून घेऊ नका. मी येते. पण तुम्ही मरायला लागलात की डोळे मिटून घेईन, आधीच सांगून ठेवते.”

संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये शरयूताईंच्या एका बाजूला नीला बसली आणि दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर रोझा नावाची काळ्या झग्यातली आजी होती. तिने बसल्या बसल्या पेपरमिंटची गोळी पुढे केली.

“नको, उपास आहे.”

“कोणासाठी?”

“नवऱ्यासाठी.”

“कुठे आहे तो?”

“मरेल आता थोड्या वेळात,” शरयूताई म्हणाल्या, आणि रोझाबाई खुर्चीत गदगदा हसल्या. मग सांगू लागल्या. त्यांच्या गावचा न्हावी दाढी करताना ऑपेरा गायचा, भाजीवालाही गायचा. वडील बोटीने इकडे आले तेव्हा सोबत एक ट्रंक होती आणि ही गाणी. शरयूताईंना सांगलीचे टांगेवाले आठवले. नाटक बघून आले की आठवडाभर घोड्याला पदं ऐकवायचे. बाई अगदी घरातली वाटली.

पडदा उघडला. तलवारी खणखणल्या, तशा शरयूताईंनी डोळे घट्ट मिटले. कान मात्र मिटता येईनात. वार बसल्यावर लोक ओरडतात, हा माणूस गायला लागला. खोल, भरदार, सावकाश. गॅरेजच्या दारातून आजवर त्याचा नुसता गुणगुणाटच बाहेर यायचा. त्यांनी एक डोळा किलकिला केला. प्रल्हादराव खोट्या लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून निरोप घेत होते. शेवटचा सूर लांबत लांबत विझला, हात खाली पडला. शरयूताईंचे दोन्ही डोळे आता उघडे होते.

आणि रोझाबाई ताडकन उठल्या. “बिस! बिस!” पाठोपाठ अख्खा हॉल.

“काय म्हणताय?” शरयूताई घाबरल्या.

“पुन्हा गा म्हणतोय!”

“पण ते मेलेत.”

“मग काय झालं? उठेल. चांगल्या गाणाऱ्याला आम्ही एकदाच मरू देत नाही.”

आणि खरंच, प्रल्हादरावांनी एक डोळा उघडून संगीत दिग्दर्शकाकडे पाहिलं. त्याने खांदे उडवून मान डोलावली. मग ते उठले, विजार झटकली, तलवारीचा वार पुन्हा खाल्ला आणि पुन्हा तेवढंच सुंदर मेले. या खेपेला शरयूताईंनी पापणीसुद्धा लववली नाही.

टाळ्या ओसरल्या. लोक बसू लागले. प्रल्हादराव आडवेच होते.

शरयूताई उभ्या राहिल्या. सांगलीत नाटकाला वडील पहिल्या रांगेतून द्यायचे, तशी पोटातून आरोळी आली. “वन्स मोअर!”

“ओ माय गॉड, आई!” नीलाने तोंड ओंजळीत लपवलं.

सगळा हॉल त्यांच्याकडे वळला. रोझाबाईंनी लगेच सूर धरला, “वन्स मोअर! वन्स मोअर!” रंगमंचावर मेलेल्या माणसाचं पोट हसून हसून गदागदा हलायला लागलं. शेवटी तो उठून बसला आणि कपाळावर हात आडवा धरून अंधारात बायकोला शोधू लागला.

“अगं, दम लागलाय मला!” भर ऑपेरात तो मराठीत म्हणाला.

“लागू दे,” शरयूताई म्हणाल्या, आणि ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. “उठा आधी.”

प्रल्हादराव उठले.