सलग दोनशे एकोणचाळीस

मुलगी कॉलेजात प्रवेश मिळून परगावी गेली, तरी तिच्या क्लासचा प्रवेशपरीक्षेचा सराव रोज सकाळी साडेसहाला टॅबवर येतच राहिला. दहा शब्द, व्याकरणाची पाच वाक्यं. वर्गणी वर्षाची भरलेली होती आणि घरातून कोण गेलं याच्याशी क्लासला देणंघेणं नव्हतं.

वडिलांचं चष्म्यांचं दुकान. दिवसभर लोकांना ‘खालची ओळ वाचा’ म्हणायचं, एवढंच त्यांचं संभाषण. सकाळी मात्र ते सराव मोठ्याने वाचत आणि मुलगी केस विंचरता विंचरता उत्तरं सांगे. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा रोज एकाने वाढे: सलग दोनशे बारा दिवस. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आकडा तुटू नये म्हणून वडिलांनी स्वतःच सराव सोडवला. पंधरापैकी तीन. ‘विमनस्क’ म्हणजे ‘मनकवडा’, असं त्यांनी ठोकून दिलं होतं. मग ते रोज सोडवू लागले.

सव्विसाव्या दिवशी क्लासच्या समुपदेशक बाईंचा फोन आला.

“सर, तुमच्या मुलीचे गुण एकदम कोसळलेत.”

त्याच मुलीचा फोटो क्लासच्या दारावर यशस्वी विद्यार्थ्यांत झळकत होता. वडिलांनी तो विषय काढला नाही.

“घरात भांडणं होतात का?”

“भांडायला कोणी नाही.”

“मित्रमंडळी?”

“बेताचीच.”

“मोबाइल फार बघणं होतं?”

“होतं. वाजला का, ते.”

बाईंनी सुस्कारा सोडला. “तिला पायाभूत तुकडीत टाकावं लागेल. दिवस पुन्हा एकपासून.”

“मॅडम, काहीही करा, पण तो आकडा राहू द्या.”

“मग उद्या पंधरापैकी बारा हवेत. आणि तुम्ही शेजारी बसा, सर. पालक बसले की फरक पडतो.”

दुसऱ्या दिवशी दहातले दोनच शब्द ओळखीचे निघाले. मुलगी फोन करायची रविवारी, चार मिनिटं. आज बुधवार होता. वडिलांनी फोन लावला.

“बाबा? काय झालं? बरा आहेस ना?”

“तुझा सराव आलाय. मी वाचतो, तू सांग.”

“अजून ते करतोयस? अरे, मी झाले पास!”

“मी नाही झालो.”

पलीकडे कुणीतरी दार आपटलं. “बरं, वाच पटकन. सातला लेक्चर आहे.”

त्यांनी वाचलं. तिने दातांत पिन धरून उत्तरं सांगितली, तशीच, पूर्वीसारखी बोबडी. सहा मिनिटांत पंधरा. “चल, पळते,” म्हणून तिने फोन ठेवला, तेव्हा गुण अजून यायचे होते. पंधरापैकी पंधरा आले. आकडा झाला दोनशे एकोणचाळीस. तो कुणाला सांगावा, हे वडिलांना सुचेना.

दुपारी दुकानात बाईंचा फोन.

“बघितलंत? म्हटलं नव्हतं मी? बसला होतात ना शेजारी?”

“बसलो होतो.”

“छान. पण उद्यापासून तिचं तिला सोडवू द्या हं. रोज कोणीतरी सोबत लागायला लागलं तर कसं व्हायचं? एकटीने करायची सवय लागली पाहिजे.”

“लागेल,” वडील म्हणाले. मग त्यांनी फोन ठेवला आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला खालची ओळ वाचायला सांगितली.