उलथणं कोणाच्या हातात

अधिकारी मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरला तेव्हा उलथणं लोकेन्द्र घर्तीच्या हातात होतं. गळ्यातलं ओळखपत्र पुढे धरून त्याने स्वतःचं नाव सांगेपर्यंत ते आंटीच्या हातात गेलं होतं, आणि घर्ती सिंकपाशी उभा राहून ताटल्या घासत होता.

अधिकाऱ्याचं नाव प्रेंटिस. तो व्हिसा खात्यातून आला होता आणि त्याला एकच गोष्ट पाहायची होती. हॉटेलच्या मालकीणबाई ऊई गाइक लियान, म्हणजे आंटी, यांनी ज्या नेपाळी माणसाला आचारी म्हणून स्पॉन्सर केलं आहे, तो खरोखर स्वयंपाक करतो का? करत नसेल तर स्पॉन्सरशिप रद्द होणार होती आणि घर्ती, त्याची बायको रूपसरा आणि दुसरीतली मुलगी, तिघांनाही सिडनी सोडावी लागणार होती.

"आचारी कोण?" प्रेंटिसने विचारलं.

"तो." आंटीने उलथण्यानेच सिंककडे दाखवलं.

"तो तर भांडी घासतोय."

आंटीने आधी घर्तीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. कढईतल्या तांदळाच्या नूडल्सच्या पट्ट्या तळाला लागल्याचा वास सुटला होता. तिने घाईने त्या ताटलीत काढल्या आणि सवयीने खिडकीतून बाहेर सरकवल्या. बाहेर चार नंबरच्या टेबलावर शिवलिंगम बसले होते, आंटीसारखेच मलेशियाचे, रोजचे गिऱ्हाईक. थोड्या वेळाने त्यांचं डोकं खिडकीत दिसलं.

"लियान, हे काय आहे? कोणावर राग काढलास?"

"गप बस जरा, शिवा."

प्रेंटिसने घर्तीला कढईपुढे उभं राहायला सांगितलं. घर्तीने हात पुसले, जाळ मोठा केला आणि एक ताटली तळून दिली. प्रेंटिसने ती उभ्याउभ्या संपवली आणि उत्तम आहे असंही म्हणाला. मग रुमालाने तोंड पुसून तो म्हणाला, "तुम्हाला तळता येतं, हे मान्य. पण मी आलो तेव्हा तुम्ही तळत नव्हता. मला रोजचं काम लिहायचंय. येत्या गुरुवारी ऑफिसात या, दोघंही. काय खुलासा असेल तो तिथे द्या."

तो गेला. आंटीने दुपारपुरतं हॉटेल बंद केलं. शिवलिंगम मात्र जागचे हलले नाहीत. त्यांना बदली ताटली हवी होती.

रॉकडेल उपनगरातल्या या रस्त्यावर मलेशियाचे आणि नेपाळचे लोक रोज एकमेकांना भेटतात, पण ते सिडनीत एका दाराने आलेले नाहीत. मलेशियातले बहुतेक चिनी आणि तमिळ. घरच्या विद्यापीठात जागा मिळाली नाही म्हणून बापाने कर्ज काढून इकडे पाठवलेली ती मुलं. ती हिशेबनीस झाली, औषधशास्त्रज्ञ झाली, आणि पुढे उत्तरेकडे बागवाली घरं घेऊन तिकडेच राहायला गेली. त्यांची मुलं आज घरची भाषा बोलत नाहीत. त्यांचं एकत्र असं मंडळ नाही. चिनी एकीकडे, तमिळ एकीकडे, मलय आणखी तिसरीकडे. सगळे एकत्र येतात ते जेवायला.

नेपाळी मागाहून आले, आणि बहुतेक वेळा बायकोच्या मागोमाग. बायको नर्सिंगला, नवरा तिच्या व्हिसावर. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दोन कुटुंबं, वृद्धाश्रमात पाळी, विमानतळावर साफसफाई. पण प्रत्येक जिल्ह्याचं मंडळ आहे, आणि प्रत्येक मंडळात फूट पडून झालेलं दुसरंही आहे. तीज आली की स्टेशनपर्यंतचा रस्ता लाल साड्यांनी भरतो.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडचे लोक बोलत नाहीत. इथल्या कितीतरी नेपाळी पुरुषांनी आयुष्यातलं पहिलं विमान पकडलं ते मलेशियाचं. कोणी इमारतीच्या फाटकावर चौकीदार म्हणून, कोणी कारखान्यात. सिडनीत शेजारच्या टेबलावर जेवणाऱ्या माणसासाठी तिकडे आपण गाडी येताना दांडी वर केली असेल, हे नेपाळ्याला ठाऊक असतं. मलेशियावाल्याच्या ते ध्यानात येत नाही, किंवा तो येऊ देत नाही.

घर्ती नेपाळमधल्या रोल्पा जिल्ह्याचा. एकोणिसाव्या वर्षी रबरी हातमोज्यांच्या कारखान्यात लागला, मलेशियातल्या पेनांग बेटासमोरच्या किनाऱ्यावर. संध्याकाळी फेरीबोटीने बेटावर जाऊन टेइक नावाच्या म्हाताऱ्याच्या टपरीवर ताटल्या धुवायचा. मग भाजी चिरायला लागला. म्हाताऱ्याचा खांदा गेला तेव्हा तळायलाही तोच लागला. त्याच सुमारास नियम आला की टपरीवर परक्या देशाच्या माणसाने कढईला हात लावायचा नाही. परक्यांच्या हातून खास चव बिघडते, म्हणे. टेइकने त्यावर तोड काढली. तो कढईच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसून राहायचा. गल्लीच्या तोंडाशी गळ्यात ओळखपत्र घातलेली म्युनिसिपालिटीची माणसं दिसली की उसाच्या रसवाला खाकरायचा. घर्ती उलथणं म्हाताऱ्याच्या मुठीत द्यायचा आणि बादलीपाशी जाऊन बसायचा. हे इतक्यांदा झालं की त्यासाठी विचार करावा लागेना. पाय आपोआप वळायचे.

"मी विचारच केला नाही, आंटी," घर्ती म्हणाला. तो अजून उभाच होता. "कार्ड दिसलं आणि पाय गेले."

"बस आधी. आणि मी का घेतलं? मला कोणी सांगितलं होतं?" आंटी खुर्चीत बसली. "पेनांगला आमच्या टपरीवर एक इंडोनेशियाचा माणूस तळायचा. तपासणीवाले आले की आई त्याच्या हातून घ्यायची. मी शाळेचा अभ्यास करत बघत असायचे. तू पुढे केलंस, मी घेतलं. झालं."

रूपसरा तेवढ्यात पोहोचली. वृद्धाश्रमाची पाळी संपवून ती निळ्या गणवेशातच आली होती. घर्तीने फोनवर निम्मं सांगितलं होतं, उरलेलं आंटीने सांगितलं.

"पोटात दुखत होतं म्हणून बाजूला झाला, असं सांगू या," आंटी म्हणाली.

"पोटात दुखणारा माणूस भांडी घासतो?" रूपसरा म्हणाली.

"आमच्याकडे घासतो," शिवलिंगम म्हणाले. "नाहीतर पगार कापतात."

"मग हात भाजला होता म्हणू," आंटी म्हणाली.

"हात दाखव म्हणाला तर?"

"तर आधी भाजून घे. गॅस आहेच," शिवलिंगमनी सुचवलं.

"काका, तुम्ही जेवा," रूपसरा म्हणाली.

"काय जेवू? कुठे आहे?" शिवलिंगमनी रिकाम्या टेबलावर हात फिरवला. मग मान वळवून भिंतीकडे पाहिलं. तिथे आंटीचा मोठा फोटो होता, ॲप्रन घातलेला, हातात कढई. "लियान, एक विचारू? भिंतीवर तू. मेनूवर 'अस्सल पेनांगचा हात' म्हणून तू. आणि आज तू जे पाठवलंस त्याला माझ्या मांजरीने तोंड लावलं नसतं."

आंटी म्हणाली, "मी बँकेत होते, शिवा. तिथून काढलं तेव्हा हे हॉटेल काढलं. मला नाही तळता येत. बाबांनी मला एकच शिकवलं, कढईपासून लांब राहायला."

"म्हणजे इतकी वर्षं मी पेनांगचं म्हणून नेपाळ्याच्या हातचं खातोय?"

"शिकलो पेनांगलाच," घर्ती म्हणाला.

शिवलिंगमनी विचार केला. "मग हरकत नाही." आणखी थोड्या वेळाने म्हणाले, "हरकत आहे. पण आता या वयात दुसरीकडे कुठे जाऊ?"

व्हिसाच्या एजंटला फोन लावला. तो म्हणाला, काहीही सांगा, पण मलेशियातल्या टपरीचं नाव काढू नका. घर्तीच्या फॉर्मवर त्या वर्षांपुढे फक्त हातमोज्यांचा कारखाना लिहिलेला होता. परवाना तेवढ्याच कामाचा होता. टपरीचं काम तिकडे बेकायदा आणि इकडे लपवलेलं. सांगितलं तर खोटेपणाचा ठपका येईल. नाही सांगितलं तर घर्ती भांडी घासणारा ठरेल.

"तुम्ही खरं सांगा," रूपसरा नवऱ्याला म्हणाली.

"आणि त्यावरून हाकललं तर?"

"भांडी घासणारा म्हणून हाकलण्यापेक्षा बरं. अहो, तिकडे तळलंत ते म्हाताऱ्याच्या नावावर. इकडे तळता ते आंटींच्या फोटोखाली. एकदा तरी स्वतःच्या नावावर पकडले जा."

आंटीने फोटोकडे पाहायचं टाळलं. "टेइक हो म्हणाला तर जोर येईल," ती म्हणाली, आणि घर्तीकडून नंबर घेऊन तिने तिथूनच पेनांगला फोन लावला. आपण कोणाची मुलगी ते तिने आधी सांगितलं. त्या दोघांचं बोलणं होक्कियनमध्ये, पेनांगच्या चिनी बोलीत, झालं. घर्तीला सगळं कळत होतं.

"कोण घर्ती?" टेइकचा आवाज आला.

"तुमच्याकडे तळायचा तो."

"माझ्याकडे कोणी तळत नव्हतं."

"टेइक काका, मी म्युनिसिपालिटीची नाही. सिडनीहून बोलतेय. त्या पोराचं बिऱ्हाड उठायची वेळ आलीय."

"माझ्या पोराचं उठवायचंय का? टपरी आता तो चालवतो. पाटीवर लिहिलंय, तीन पिढ्यांचा हात. परदेशातून पत्रं यायची, माझा हात बघायला लोक यायचे. आता सांगू, तो हात नेपाळहून आणला होता म्हणून?"

"एकदा हो म्हणा. इथे कोण ऐकतंय?"

"कढईला परक्याचा हात लागला नाही. कोणीही विचारलं तरी हेच सांगेन." त्याने फोन ठेवला.

गुरुवारी प्रेंटिसच्या खोलीत घर्तीने सगळं सांगितलं. कारखाना, फेरीबोट, म्हाताऱ्याचा खांदा, उसाच्या रसवाल्याचं खाकरणं. मध्ये कुठे थांबला नाही. आंटीने स्वतःचं सांगितलं: आपल्याला तळता येत नाही, फोटो छायाचित्रकाराने सुचवला म्हणून काढला. प्रेंटिस लिहीत होता.

"फॉर्मवर हे का नाही?"

"फॉर्मवर नोकऱ्या विचारल्या होत्या, साहेब. मला ती नोकरी वाटली नाही. रात्रीचं जेवण मिळायचं आणि थोडे पैसे."

"याला पुरावा?"

"एक माणूस आहे."

"तो नाही म्हणेल," आंटी लगेच म्हणाली. "मी विचारून पाहिलंय. तुम्हाला नंतर कळण्यापेक्षा आधीच सांगते."

प्रेंटिसने तिच्याकडे पाहिलं. "तरी विचारू."

घर्तीने नंबर तोंडपाठ सांगितला. दुभाषी बाई दुसऱ्या लाइनवर होती, सरकारी कामातली, कसलाही चढउतार नसलेल्या आवाजाची. प्रेंटिसने प्रश्न केला, तिने तो होक्कियनमध्ये टेइकला सांगितला, आणि उत्तर परत आणलं.

"ते म्हणतात, त्यांच्या टपरीवर चाळीस वर्षं ते स्वतः तळत होते. परक्या माणसाने कढईला हात लावला नाही."

प्रेंटिसने ते लिहून घेतलं आणि पेनाचं टोपण लावलं. आंटीने पर्स उचलून मांडीवर घेतली.

"साहेब, मी त्यांना एकदा नमस्कार करू?" घर्तीने विचारलं. "पुन्हा बोलणं होईल न होईल."

प्रेंटिसने हरकत घेतली नाही. घर्ती टेबलावरच्या फोनकडे वाकला.

"तौके, जेवलात का?" मालकाला तो तेव्हाही अशीच हाक मारायचा.

पलीकडे आवाज एकदम सुरू झाला.

"ते म्हणतात, गाढवा," दुभाषी बाईने भाषांतर केलं. "ते म्हणतात, शिंपल्या शेवटी घालतोस ना, की अजून आधी टाकून त्यांचं रबर करतोस. तिकडे गॅसला जाळ आहे का, असं विचारतात. म्हणतात, घरगुती गॅसवर करत असलास तर माझं नाव सांगू नकोस."

"मोठा आहे जाळ, तौके."

"ते म्हणतात, अंडं बाजूला फोडतोस की वरून. वरून फोडलंस तर काय होतं ते मी सांगितलं होतं. खांदा कसा आहे, तुझा, माझा नाही. ते म्हणतात, सोबत जी बाई आहे तिच्या वडिलांना मी ओळखत होतो, त्यांनाही तळता येत नव्हतं."

आंटीने पर्स खाली ठेवली.

प्रेंटिसने टोपण काढलं. "त्यांना विचारा, आत्ताच तुम्ही म्हणालात की कढईला कोणी हात लावला नव्हता."

दुभाषी बाईने विचारलं. टेइकने वेळ घेतला नाही.

"ते म्हणतात, नाहीच लावला. आणि हा लावायचा तेव्हा शिंपल्या आधी टाकायचा."

बाईने दोन्ही वाक्यं एकाच आवाजात सांगितली. प्रेंटिसने पहिल्या वाक्याखाली दुसरं लिहिलं आणि दोन्ही पुन्हा एकदा वाचली. मग पान उलटून 'प्रत्यक्ष काम' या शब्दांपुढे त्याने 'आचारी' लिहिलं. लपवलेल्या नोकरीची नोंद करावीच लागेल, असं त्याने सांगितलं. कायमच्या वास्तव्याचा अर्ज कराल तेव्हा हा प्रश्न पुन्हा निघेल. मी असेन किंवा दुसरं कोणी. सध्या मात्र स्पॉन्सरशिप चालू राहील.

घर्तीने मान हलवली. त्याचं लक्ष निम्मं फोनकडे होतं. टेइक अजून बोलत होता. आता मुगाचे मोड कुठून आणतोस इथपर्यंत आला होता.

"पुढचंही सांगायचं का?" दुभाषी बाईने विचारलं.

"नको, पुरे," प्रेंटिस म्हणाला.

"तुम्ही भाषांतर बंद करा," घर्ती तिला म्हणाला. "मला कळतंय." आणि त्याने खुर्ची फोनच्या जवळ ओढली.