दोन ओट्यांवरून दिसणारं एक गाव

मित्रांनो, मुरबाडच्या एस.टी. स्टँडजवळ एक फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या माळ्यावर जुन्या पडद्यांच्या गठ्ठ्याला टेकून एक पिवळा पडलेला संगणक बसला आहे. तोच मी. माझ्या पाठीला आता वायर नाही आणि पुढ्यात कोणी बसत नाही. म्हणून माझी हकिगत तुम्हालाच सांगतो.

माझे भाग कुठल्या कुठल्या देशांत बनले, ते मला ठाऊक नाही. कल्याणच्या एका दुकानात ते एका डब्यात बसवले आणि माझा जन्म झाला. स्टुडिओचे मालक कुंडलिकशेठ मला शेअर जीपमधून घेऊन आले. माझा पडदा त्यांनी वाटभर मांडीवर धरला होता. म्हारळच्या खड्ड्यांत त्यांचे गुडघे जीपच्या दांड्यावर आपटले, पण मला त्यांनी धक्का लागू दिला नाही. इतकी काळजी माझी पुन्हा कोणी घेतली नाही.

तेव्हा आमच्या भागात 'मिक्सिंग'ची नवलाई होती. नवरानवरीला बर्फाच्या डोंगरावर उभे करायचे, नवरीच्या ओंजळीत नवऱ्याचा चेहरा ठेवायचा, असली कामे माझ्यावर चालत. ती करायची कुणाली. ती शेतकऱ्याची मुलगी. बारावीनंतर कल्याणला जाऊन फोटोचे काम शिकली होती. तिचा हात हलका होता. एका फोटोतला माणूस ती दुसऱ्या फोटोत असा ठेवायची, की तो तिथेच जन्मल्यासारखा वाटे.

गिऱ्हाइके माझ्यासमोर बसून आपले मत सांगत. कोणी म्हणे, नवरी आणखी गोरी करा. कोणी म्हणे, मागे ताजमहाल टाका. कुंडलिकशेठ तर प्रत्येक चित्राला न बघताच 'झकास' म्हणत. अशा कौतुकाने कुणालीचे काम सुधारत नव्हते आणि बिघडतही नव्हते. मीही त्याला सरावलो होतो.

मग एका उन्हाळ्यात देवजीबाबा आले. धोतर, डोक्यावर टोपी, हातात रुमालात गुंडाळलेला एक काळापांढरा फोटो. त्यांचे गाव करंजवेढे. तीसेक वर्षांपूर्वी ते धरणाच्या पाण्याखाली गेले आणि माणसे चारी दिशांना पांगली. त्या गावाचा एकही फोटो कोणाकडे नव्हता. देवजीबाबांकडे होता तो त्यांच्या लग्नातला. त्यात नवरानवरीच्या मागे देवळाचा एक खांब आणि थोडी कौले दिसत होती. या खांबापासून पुढे सगळे गाव उभे करून द्या, असे त्यांचे म्हणणे होते.

कुंडलिकशेठ हसले. पण कुणालीने तो फोटो हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

ती कामाला लागली. कुठल्याशा गावातले कौलारू देऊळ, कुणाच्या तरी परसातली चिंच, पाटलांच्या अल्बममधली गुरे, असे जमेल ते तिने गोळा केले. देवजीबाबांनी सांगितले तसे चार खांबांचे देऊळ मध्ये ठेवले. उजव्या हाताला चिंच. मागे सिद्धगडाचा डोंगर. चित्र पुरे झाले तेव्हा देवजीबाबांनी माझ्या काचेवर बोट टेकवले आणि म्हणाले, "हे तर आमचंच हाय गो." कुणालीने ते बोट उमटलेले बरेच दिवस पुसले नाही.

देवजीबाबांनी हौसेने आपल्या बालमित्राला, धर्माबाबांना निरोप धाडला. गाव बुडाले तेव्हा ते आटगावकडे जाऊन राहिले होते. लग्नाकार्यात कधीमधी भेट होई, तेवढीच. ते दोन गाड्या बदलून, सकुबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, घेऊन आले. दोघे म्हातारे एकाच बाकड्यावर बसून चहा प्याले. मग धर्माबाबांनी माझ्यात पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

त्यांनी सांगितले, की हे चुकले आहे. चिंच डाव्या हाताला होती. देवळामागे डोंगर कुठला आणलात, तिथे तर नदी होती. सकाळच्या उन्हाने अंगणात आमची पाठ शेकायची आणि समोर नदी चमकायची.

कुणालीला ते लागले. तिने किती रात्री डोळे फोडून एकेक कौल बसवले होते, ते मला माहीत होते. ते गेल्यावर ती माझ्यापुढे बसून रडली. मला तिच्या खांद्यावर हात ठेवता आला असता तर! पण मला हात नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिने धर्माबाबांच्या सांगण्याप्रमाणे दुसरे चित्र करायला घेतले. चिंच डावीकडे, मागे नदी. पहिले पुसले नाही. दोन्ही चित्रे माझ्या पोटात शेजारी शेजारी राहिली. मित्रांनो, मी ती दोन्ही एकाच वेळी पाहत होतो. दोन्हींत देऊळ तेच, चिंच तीच. एक समोरून, एक मागून. मला ते दिसत होते. पण मला जे दाखवायला सांगतील, तेवढेच मी दाखवू शकतो. आपणहून एक अक्षर उमटवण्याची माझी ताकद नाही.

कुणालीने दोघांना पुन्हा बोलावले आणि दोन्ही चित्रे समोर ठेवली. यातले खरे कोणते, असे तिने विचारले. तिने विचारायला नको होते ते हेच.

देवजीबाबा म्हणाले, माझेच खरे. धर्माबाबा म्हणाले, मी काय खोटे बोलतो? शब्दाला शब्द लागला. शेवटी देवजीबाबा बोलून गेले, "तुला आता आठवत नाय, धर्मा. वय झालं तुझं."

धर्माबाबा उठले. त्यांचा आवाज मोठा नव्हता. "गाव पाण्यात गेलं तवा तूच म्हणाला व्हतास ना, गाव आपल्या डोक्यात राहील? आता माझ्या डोक्यातलं पण बुडव."

याही खेपेला सोबत आलेल्या सकुबाईंनी त्यांची पिशवी उचलली. दोघे स्टँडकडे चालू लागले. देवजीबाबा बाकड्यावरून हलले नाहीत. माझ्या काचेवर ती दोन्ही गावे तशीच उघडी होती. थोड्या वेळाने वीज गेली आणि मी काळा पडलो.

पावसाळा गेला. लग्नाचे दिवस नव्हते, म्हणून कुणालीने पहिल्या चित्रावर शेवटचा हात फिरवून ते छापायचे ठरवले. देवजीबाबांना तिने एकच गोष्ट विचारली. सावल्या पाडायच्या होत्या, तेव्हा सकाळचे ऊन कुठून घेऊ?

देवजीबाबा म्हणाले, "देवळाच्या मागनं. डोंगरावरनं सरळ डोळ्यात यायचं. मी ओट्यावर बसून दात घासायचो ना, तर डोळं मिटायला लागायचं."

कुणालीचा हात थांबला. धर्माबाबांची सकाळी पाठ शेकायची, हे तिला आठवले. तिने विचारले, "बाबा, धर्माबाबांचं घर कुठं होतं?"

"देवळापल्याड. माझ्या समोर."  देवजीबाबांनी आपला उजवा हात वर केला, त्याच्याकडे पाहिले. हळूहळू डावा वर केला. बाकड्यावरून उठून ते माझ्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले, पाठ माझ्याकडे, तोंड भिंतीकडे, मग माझ्याकडे वळले, आणि त्यांचा उजवा हात डाव्याच्या जागी गेला. एवढी वर्षे ते आपल्याच ओट्यावर बसून गाव पाहत होते. तिकडे धर्माबाबा त्यांच्या ओट्यावर बसून.

"दोघांचं पण खरं हाय," कुणाली म्हणाली.

"मला का नाय कळलं गो?" ते म्हणाले.  याचे उत्तर माझ्याकडे होते, पण त्याचा काय उपयोग?

धर्माबाबांचे चित्र तिने आधी छापले. ऊन पाहणाऱ्याच्या पाठीमागून घेतले, नदीला चमक दिली. देवजीबाबा ते पिशवीत घालून पहिल्या गाडीने आटगावला निघाले.

ते परत आले तेव्हा माझ्यासमोर एक नवरानवरी बर्फाच्या डोंगरावर उभी होती. कुणालीने काम थांबवले. देवजीबाबांनी जे सांगितले ते असे. गणपतीनंतर धर्माबाबांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. देवजीबाबांनी खाटेशेजारी बसून चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे धरले. तुझे बरोबर होते, असे पुन्हा पुन्हा सांगितले. धर्माबाबा चित्राकडे पाहत राहिले. मग त्यांनी डावा हात उचलला आणि चिंचेवर ठेवला. तोंडातून आवाज आला, पण त्याचा शब्द झाला नाही. बोट चिंचेवरून हलेना. बरोबर आहे म्हणत होते, की आणखी काही चुकले म्हणत होते, ते सकुबाईंनाही कळले नाही.

"झाड थोडं पुढं पायजे व्हतं का?" देवजीबाबा कुणालीला विचारत होते. "का फांदी मोठी व्हती? आता चुकलं म्हणून सांगणारा कोण उरला?"

कुणालीने चिंच पुढे घेतली, मागे घेतली, फांदी वाढवली, कमी केली. देवजीबाबा प्रत्येक वेळी 'कळत नाय' म्हणून मान हलवत. त्या ओट्यावर ते कधी बसलेच नव्हते. संध्याकाळी त्यांनी पिशवी उचलली आणि ते गेले. तिने चिंच पहिल्या जागी ठेवली आणि मला बंद केले.

नंतर माझी गती मंदावली. चपट्या पडद्याचा नवा संगणक आला आणि मला माळ्यावर चढवले. कुणाली लग्न होऊन शहापूरला गेली.

मित्रांनो, तुम्हीही चित्रे काढाल, फोटो जोडाल. कोणी म्हणेल, हे चुकले. तेव्हा रडू आले तर रडा, पण चित्र लगेच पुसू नका आणि त्या माणसालाही खोटा ठरवू नका. तुम्ही कुठे बसून हे पाहता, असे त्याला विचारा. मत सांगायचे असेल, तर तुम्हीही आपली जागा आधी सांगा. मी यंत्र आहे, मला विचारता आले नाही. तुम्हाला येते. पण समोरच्याची वाचा शाबूत आहे तोवरच विचारा.